व्हॅक्सिनमधली गाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला बारीक अक्षरांचा एक कागद असतो. बहुतेक लोक तो न उलगडताच फेकतात. त्या कागदाचं मराठी करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. करोनाच्या दोन वर्षांत लसींची पत्रकं, सूचना, संमतीचे अर्ज यांचा नुसता पूर आला होता, आणि त्याच काळात ओळखीच्या-अनोळखी माणसांनी मला औषधांपेक्षा शब्दांबद्दलच जास्त विचारलं. तेच प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. लस घ्यावी का, कधी घ्यावी, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. इथे फक्त शब्दांचा कारभार आहे.

‘व्हॅक्सिन’ या शब्दात गाय आहे म्हणतात. खरं की थाप?

खरं आहे. लॅटिनमध्ये गायीला ‘वाक्का’ म्हणतात आणि ‘वाक्किनुस’ म्हणजे गायीचा, गायीपासूनचा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या बर्कली गावचा डॉक्टर एडवर्ड जेन्नर यानं १७९८ मध्ये एक छोटं पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापलं. त्याच्या लांबलचक नावात गायीच्या सडांवर येणाऱ्या पुरळाला त्यानं लॅटिन नाव दिलं होतं : ‘व्हेरिओली व्हॅक्सिनी’. शब्दाला शब्द ठेवून याचं मराठी करायचं तर ‘गायीच्या देवी’. देवी म्हणजे इंग्रजीतला ‘स्मॉलपॉक्स’, अंगभर फोड आणणारा तो जुना जीवघेणा रोग. आणखी गंमत म्हणजे ‘व्हेरिओली’ हे अनेकवचन आहे, आणि आपणही ‘त्याला देवी आल्या’ असंच म्हणतो, ‘देवी आली’ म्हणत नाही. अंगभर उठलेले फोड मोजूनच दोन्ही भाषांनी वचन ठरवलेलं दिसतं. मला एरवी अनुवादात इतकं चपखल काही मिळत नाही.

‘व्हेरिओला’चं मूळ मात्र दोन तऱ्हांनी सांगतात. एका मतानुसार ते ‘ठिपकेदार, रंगीबेरंगी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलं, दुसऱ्या मतानुसार ‘पुळी’ या अर्थाच्या शब्दातून. रोग्याकडे पाहिलं तर दोन्ही पटतात.

पण देवीच्या रोगात गाय आली कुठून?

गोठ्यातून. दूध काढणाऱ्या बायकांच्या हातांवर गायीच्या सडांवरचे फोड उतरत, चार दिवस ताप येई, फोड सुकत. आणि पुढे गावात देवीची साथ आली तरी या बायकांना ती होत नसे. हे ग्लॉस्टरशर-डॉर्सेटकडच्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. जेन्नरनं ती ऐकीव गोष्ट तपासून पाहिली. १४ मे १७९६ या दिवशी त्यानं सेरा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी घेतलं आणि आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर दोन ओरखडे काढून त्यात भरलं. जुलैच्या सुरुवातीला त्याच मुलाला त्यानं खऱ्या देवीचा पू टोचला. मुलाला काही झालं नाही. आज असा प्रयोग करायला कुठली समिती परवानगी देणार नाही, हे सांगायलाच हवं.

जेन्नर हा पहिला नव्हे. डॉर्सेटमधला बेंजामिन जेस्टी नावाचा शेतकरी त्याच्या बावीस वर्षं आधी, १७७४ मध्ये, देवीची साथ आली तेव्हा बायको आणि दोन मुलांना घेऊन शेजारच्या गोठ्यात गेला आणि मोजे रफू करायच्या सुईनं त्यानं तिघांनाही गायीच्या फोडातलं पाणी टोचलं. गावकऱ्यांनी त्याची छीथू केली. जेस्टीनं कृती केली, पण तिला नाव दिलं नाही, कागदावर काही लिहून ठेवलं नाही. शब्द ज्यानं दिला त्याचं नाव राहिलं.

त्या गायीचं नावही राहिलं. ब्लॉसम. आपल्याकडच्या कपिला-तांबूसारखंच लाडाचं, ‘मोहोर’ अशा अर्थाचं. तिचं कातडं लंडनच्या सेंट जॉर्जेस या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे.

म्हणजे ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द जेन्नरनंच काढला?

नाही, आणि ही चूक शाळेच्या पुस्तकांतही सर्रास असते. जेन्नरनं ‘व्हॅक्सिन’ वापरला तो विशेषण म्हणून : ‘व्हॅक्सिन इनॉक्युलेशन’, म्हणजे गायीचं रोपण. या क्रियेला ‘व्हॅक्सिनेशन’ हे एकशब्दी नाम १८०० मध्ये प्लिमथच्या रिचर्ड डनिंग नावाच्या सर्जननं दिलं, जो जेन्नरचा मित्र होता. मग विशेषणाच्या मागचं नाम हळूहळू गळालं आणि ‘व्हॅक्सिन’ एकटाच उभा राहिला. आपण ‘मोबाइल फोन’मधला फोन गाळून नुसतं ‘मोबाइल’ म्हणायला लागलो, अगदी तसंच.

‘इनॉक्युलेशन’ आणि ‘व्हॅक्सिनेशन’ एकच ना?

आज बोलण्यात एकच. मुळात नव्हते, आणि या यादीतला माझा सर्वांत आवडता प्रश्न हाच आहे, म्हणून जरा बसून सांगते.

‘इनॉक्युलेशन’मध्ये लॅटिन ‘ऑक्युलुस’ आहे. अर्थ : डोळा. संस्कृत ‘अक्षि’ त्याचाच लांबचा भाऊ. आता इंग्रजी वाचकाला हे सांगितलं की तो चक्रावतो. टोचायचं दंडावर, त्यात डोळ्याचा काय संबंध? मराठी शेतकऱ्याला मात्र समजावायची गरज पडू नये. उसाच्या कांडीवर डोळा असतो, बटाट्यावर डोळा असतो, आणि गुलाबाच्या किंवा संत्र्याच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बसवायला आपण ‘डोळा भरणं’ म्हणतो. खुंटाची साल ‘टी’च्या आकारात चिरायची, डोळा आत सरकवायचा, वर पट्टी बांधायची. लॅटिनमध्येही कोंबाला डोळाच म्हणत आणि ‘इनॉक्युलारे’ म्हणजे शब्दशः डोळा भरणं. सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीतही हा निव्वळ माळ्यांचा शब्द होता.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवी टोचण्याची रीत पूर्वेकडून युरोपात पोचली. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू किंवा खपली घ्यायची, निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन आत घालायची. सौम्य देवी येतात, माणूस बहुधा वाचतो, आणि पुढे जन्मभर सुटका. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज राजदूताची बायको तुर्कस्तानात होती. तिनं १७१७ मध्ये मैत्रिणीला पत्र लिहून ही रीत कळवली आणि तिथले लोक तिला ‘कलम करणं’ म्हणतात असं सांगितलं. १७२१ मध्ये लंडनमध्ये तिनं स्वतःच्या मुलीला टोचून घेतलं. चीर द्यायची, आत काहीतरी सरकवायचं, बांधून टाकायचं : ज्यांनी बागेत डोळा भरताना पाहिलं होतं त्यांना दुसरा शब्द सुचण्याचं कारणच नव्हतं. जर्मन भाषेत आजही लस टोचण्याला ‘इंफेन’ म्हणतात आणि त्याचाही जुना अर्थ कलम करणं हाच.

तेव्हा ‘इनॉक्युलेशन’ हे माणसाच्या देवी माणसाला टोचणं, आणि ‘व्हॅक्सिनेशन’ हे गायीच्या देवी माणसाला टोचणं. पहिल्यात टोचून घेतलेला माणूस इतरांना खऱ्या देवी लावू शकत असे, दुसऱ्यात तो धोका नव्हता. फरक जिवावरचा होता, म्हणूनच दोन शब्द लागले. पुढे पहिल्या प्रकाराला ‘व्हेरिओलेशन’ असं वेगळं नाव पडलं आणि ‘इनॉक्युलेशन’ कुठल्याही टोचण्याला चालायला लागला.

स्पेलिंगची एक चूक इथेच सांगून टाकते. ‘इनॉक्युलेट’मध्ये एन एकदाच येतो. दोनदा लिहिणारे लोक ‘इनोसंट’, ‘इनॉक्युअस’ या शब्दांमुळे फसतात. ते ‘इजा करणं’ या अर्थाच्या धातूचे, हा डोळ्याचा.

भारतात ही रीत जेन्नरच्या आधीपासून होती असं व्हॉट्सॅपवर येतं. त्यात तथ्य आहे?

पू टोचण्याची, म्हणजे व्हेरिओलेशनची, रीत होती. बंगालमध्ये ती करणारे लोक गावोगाव हिंडत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या जे. झेड. हॉलवेल यानं १७६७ मध्ये लंडनमध्ये त्या पद्धतीचं तपशीलवार वर्णन छापलं आहे. चीन आणि तुर्कस्तानातही ती होती. पण गायीच्या देवींची लस ही वेगळी गोष्ट, तिचा उगम इंग्लंडातलाच. व्हॉट्सॅपवरच्या मजकुरात या दोन्हींची खिचडी केलेली असते आणि वर एखादा संस्कृत श्लोक भुरभुरलेला असतो.

हिंदीत ‘टीका’, मराठीत ‘लस’. इतका फरक का?

प्रत्येक भाषेनं या घटनेतली वेगळी वस्तू धरून ठेवली, म्हणून.

हिंदीनं खूण धरली. ‘टीका’ म्हणजे टिळा, ठिपका. कातडीवर उमटणारा तो डाग. बंगाली, तेलुगू यांनीही ‘टीका’च घेतला. तमिळनं सुई धरली : ‘तडुप्पूसि’, म्हणजे अडवणारी सुई. मराठीनं धरला तो द्रव. जखम चिघळली की तिच्यातून जे पातळ, पांढुरकं, किंचित चिकट पाणी येतं त्याला आपण ‘लस’ म्हणतो. ‘लस येतेय, अजून खपली धरली नाही,’ असं आज्या म्हणत. देवीची लस म्हणजे फोडातली ती लस, दुसरं काही नाही. गुजरातीत ‘रसी’ हा शब्द पू आणि लस दोन्हींना चालतो, आणि कन्नडचा ‘लसिके’ आपल्या शब्दाच्या शेजारीच बसतो.

तेव्हाच्या इंग्रज डॉक्टरांचं बोलणंही असंच होतं. ते या द्रव्याला ‘लिंफ’ म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ स्वच्छ पाणी. वासरांपासून बनवलेली लस ‘काफ लिंफ’ या नावानं मिळे. म्हणून आपल्या पारिभाषिक कोशांनी लिंफला ‘लसीका’ म्हटलं तेव्हा वर्तुळ पुरं झालं. मला विचाराल तर ‘लस’ हा या सगळ्यांत प्रामाणिक शब्द आहे. किळसवाणा वाटेल इतका प्रामाणिक.

आणि हो, केंद्राकडून आलेल्या हिंदी मसुद्यावर घाईत मराठी करणाऱ्यांनी जपावं. ‘कोविड टीकाकरण केंद्र’ असा फलक मी स्वतः पाहिला आहे. मराठी माणूस तिथे करोनावर टीका करायला जाईल.

मग आजी ‘देवी काढल्या’ म्हणायची ते काय?

तेच, लस टोचणं. ‘देवी काढणं’, ‘देवी टोचणं’ हे दोन्ही वाक्प्रचार जुन्या पिढीत सर्रास होते. रोगाला देवीचं नाव, कारण तो शीतलादेवीचा कोप किंवा संचार मानला जाई. घरात कुणाला देवी आल्या की रोगाचं नाव घेताना आवाज खाली यायचा. गोवर आणि कांजिण्या या बिचाऱ्यांना नावात असला मान मिळाला नाही.

पण पाहा, इंग्रजीत गायीच्या एका रोगाचं नाव पसरून सगळ्या लसींना मिळालं. मराठीत ‘देवी काढणं’ त्या एका रोगापुरतंच राहिलं. पोलिओच्या ‘देवी काढल्या’ असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. १९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेनं देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं आणि त्या रोगाबरोबर हा वाक्प्रचारही निवृत्त झाला. आता तो आज्यांच्या दंडांवरच्या वणांपुरता उरला आहे.

गायीशी संबंध नसलेल्या लसींना ‘व्हॅक्सिन’ कोण म्हणायला लागलं?

लुई पाश्चर, आणि ते अगदी जाणूनबुजून. १८७९-८० च्या सुमारास तो कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. जंतूंची जुनी, शिळी झालेली वाढ टोचली की कोंबड्या मरत नाहीत आणि नंतर ताज्या जंतूंनाही दाद देत नाहीत, असं त्याला आढळलं. १८८१ च्या मे-जूनमध्ये पुई-ल-फोर या गावात त्यानं मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लसीचा जाहीर प्रयोग करून दाखवला. या द्रव्यांना म्हणायचं काय? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली होती. तिथे पाश्चरनं सांगितलं की ‘व्हॅक्सिनेशन’ या शब्दाचा अर्थ आपण मुद्दाम रुंदावला आहे आणि तो जेन्नरच्या कामाचा मान राखण्यासाठी.

एका फ्रेंच माणसानं इंग्रज डॉक्टरासाठी, तेही लंडनमध्ये, हे करावं याचं मला फार कौतुक आहे. नाहीतर शास्त्रज्ञ आपल्या शोधाला स्वतःचं नाव चिकटवायला टपलेले असतात. त्या दिवसापासून कोंबडीची, मेंढीची, कुत्रं चावल्यावरची, सगळीच व्हॅक्सिनं झाली. गाय सर्वांना पुरून उरली.

हा अर्थ सगळीकडे एका दिवसात रुजला नाही. वॉल्डेमार हाफकिननं मुंबईत प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हाच्या कागदपत्रांत तिला बहुतेक ‘प्रोफिलॅक्टिक’ म्हटलेलं आहे, म्हणजे ग्रीक मुळानुसार ‘पुढे उभा राहणारा पहारेकरी’, आणि टोचण्याला ‘इनॉक्युलेशन’. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत सुरू झालेलं ते काम १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेलं. १९२५ पासून ती संस्था हाफकिनच्या नावानं ओळखली जाते.

महाराष्ट्रात पहिली लस कधी आली?

१४ जून १८०२, मुंबई. हिंदुस्थानातलीच ती पहिली. तेव्हा लस बाटलीत टिकत नसे. लशीत भिजवलेले सुकवलेले दोरे किंवा काचा पाठवत, पण उष्ण प्रदेशातून येताना त्यांचा दम निघून जाई. म्हणून एका मुलाच्या दंडावर फोड आला की आठव्या दिवसाच्या सुमारास त्यातली लस दुसऱ्याच्या दंडावर, असा दंडादंडानं प्रवास. व्हिएन्नाचा डॉक्टर जाँ द कारो यानं धाडलेली लस कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल-दरमजल करत समुद्रमार्गे मुंबईला पोचली आणि अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. तिच्या फोडातून पुढे पाच मुलांना टोचलं आणि तिथून ती देशभर गेली. ‘लस’ हा शब्द द्रवावरून का पडला ते या प्रवासावरून कळेल. माणसामाणसांतून खरोखर तेच पाणी वाहत आलं होतं.

स्पेननं तर १८०३ मध्ये बावीस अनाथ मुलं जहाजात बसवून अटलांटिकपार लस नेली होती.

‘वाक्का’ आणि आपला ‘वत्स’, ‘वासरू’ यांचं नातं आहे ना?

नाही. कानाला गोड लागतं, पण नाही. ‘वत्स’चा लॅटिन भाऊ ‘वितुलुस’, म्हणजे वासरूच. दोघांचंही मूळ ‘वर्ष’ या अर्थाच्या शब्दात आहे. वर्षाचं पिल्लू ते वत्स. ‘संवत्सर’मध्ये तेच मूळ दिसतं. ‘वाक्का’चं नातं काही कोशकार वेदातल्या ‘वशा’, म्हणजे गाय, या शब्दाशी जोडतात, पण ते सर्वमान्य नाही.

आपला ‘गो’ इंग्रजीत ‘काउ’ झाला आणि लॅटिनमध्ये ‘बोस’. त्यावरून ‘बोव्हाइन’. या नात्याबद्दल वाद नाही. म्हणजे व्हॅक्सिनमधली गाय आपली सख्खी नव्हे. सख्खी गाय बीसीजीमध्ये आहे, ते पुढे येईल.

‘व्हॅक्यूम’शी काही?

काही नाही. ते रिकामेपणाचं कुळ. ‘व्हेकेशन’, ‘व्हेकन्सी’ त्यातलेच.

गायीचा शब्द म्हणून तेव्हा कुणी नाकं मुरडली नाहीत?

भरपूर. जनावराचा स्राव माणसाच्या रक्तात घालायचा म्हणजे माणूस जनावर होणार, अशी हूल उठली होती. जेम्स गिलरेचं १८०२ चं व्यंगचित्र प्रसिद्धच आहे. लस घेतलेल्या लोकांच्या दंडांतून, नाकातून, तोंडातून छोट्या छोट्या गायी बाहेर पडताहेत. व्यंगचित्र हसण्यासारखं आहे, पण २०२१ मध्ये लसीतून चिप घालतात म्हणणाऱ्यांची आठवण होऊन हसू थोडं आवरतं. शब्दात गाय नसती तर गिलरेला चित्र सुचलं असतं का, असं मला नेहमी वाटतं. स्पॅनिश माणसाला तर आजही ती ऐकू येते, कारण त्याची गाय ‘वाका’ आणि लस ‘वाकूना’. पोर्तुगीजही तसंच, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या पिढीला हा लेख वाचायची गरज नाही.

खरोखर गायीचाच विषाणू होता का तो?

अवघड प्रश्न विचारलात. देवीची लस म्हणून जगभर जो विषाणू वापरला त्याचं नाव ‘व्हॅक्सिनिया’. तो आणि गायींच्या देवींचा विषाणू एकच, असं सगळे धरून चालले होते. १९३९ मध्ये दोन्ही वेगळे असल्याचं दिसून आलं. मग हा आला कुठून? अमेरिकेत १९०२ मध्ये तयार झालेल्या लसीचा एक जुना नमुना हाती लागला, त्याची जनुकं वाचली गेली आणि २०१७ मध्ये छापून आलं की त्यातला विषाणू घोड्यांच्या देवीच्या विषाणूशी अगदी जवळचा आहे.

आता जेन्नरचं पुस्तक पुन्हा उघडा. सुरुवातीलाच तो म्हणतो की हा रोग मुळात घोड्याच्या खुरांजवळच्या फोडांतून येतो. मोतद्दार खुरं साफ करतो आणि त्याच हातांनी दूध काढायला बसतो. त्याची ही समजूत पुढे बहुतेकांनी सोडून दिली. एकोणिसाव्या शतकात काही डॉक्टरांनी थेट घोड्यापासून लस घेतली आणि त्याला ‘इक्विनेशन’ असा शब्दही काढला होता, लॅटिन ‘एक्वुस’ म्हणजे घोडा यावरून. तो टिकला नाही. संस्कृत ‘अश्व’ या ‘एक्वुस’चा सख्खा नातेवाईक, म्हणजे तो शब्द टिकला असता तर आपलं नातं तरी लागलं असतं.

‘व्हायरस’ लॅटिनच ना?

लॅटिनच, अर्थ विष, आणि संस्कृत ‘विष’ त्याचाच भाऊ. मराठी ‘विषाणू’ हा म्हणून अनुवाद कमी आणि भावकीची गाठभेट जास्त. जेन्नरही ‘व्हायरस’ लिहितो, पण त्याच्या मनात जंतू नव्हता, रोगाचं विष एवढाच अर्थ होता.

सीरम इन्स्टिट्यूटमधलं ‘सीरम’ म्हणजे लसच ना?

पुणेकरांचा हमखास प्रश्न. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी. पण त्याआधी लॅटिनमध्ये ‘सेरुम’ म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारं पाणी. श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली पातेल्यात जे जमतं ते. संस्कृतातला ‘सर’, म्हणजे वाहणारा, याच्याशी त्याचं नातं लावतात. गोठा सुटला तरी दुग्धालय सुटलं नाही, असं झालं.

घटसर्प, धनुर्वात, सर्पदंश यांवरचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातल्या सीरमपासून काढत. पूनावाला घराण्याचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता आणि त्यांचे निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिन संस्थेला जात. त्यातूनच १९६६ मध्ये पुण्यात स्वतःची संस्था काढायची कल्पना आली. म्हणून नाव ‘सीरम’. आज तिथे मुख्यतः लसी बनतात, म्हणजे पाटी दुधाच्या पाण्याची, माल गायीच्या नावाचा, आणि सुरुवात घोड्यापासून.

‘इम्युनिटी’चं काय? ती तरी वैद्यकीय आहे?

ती महसूल खात्याची आहे. लॅटिन ‘मूनुस’ म्हणजे कर किंवा सरकारची सक्तीची चाकरी, आणि ‘इम्मूनिस’ म्हणजे त्यातून सूट मिळालेला. आपल्याकडच्या इनामदारासारखा, ज्याच्या जमिनीचा सारा माफ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरांनी तो शब्द उचलला : या माणसाला रोगानं सूट दिली आहे. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा आपला शब्द युद्धाचा आहे, त्यात ढाल-तलवार आहे. मूळ शब्दात नुसता माफीचा कागद होता. कुठला चांगला ते ठरवत बसत नाही, पण अर्जात ‘रोगप्रतिकारशक्तीवर्धन’ लिहिताना रकान्याची जागा संपते, हा माझा अनुभव.

पोलिओचे थेंब टोचत नाहीत, तरी ती लसच?

हो. म्हणून ‘लस टोचली’ न म्हणता ‘डोस पाजला’ म्हणतात. ‘डोस’ ग्रीक, अर्थ ‘देणं’. आपल्या ‘दान’चं मूळ तेच. मराठीनं त्याला उपदेशाच्या कामाला लावलं ती भर आपली.

आरएनएवर चालणाऱ्या नव्या लसींना ‘व्हॅक्सिन’ म्हणणं चूक आहे का? त्यात ना गाय ना जंतू.

गाय तर १८८१ मध्येच सुटली होती. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशानं २०२१ मध्ये ‘व्हॅक्सिन’ची व्याख्या या नव्या लसी बसतील अशी बदलली आणि तोच शब्द वर्षाचा शब्द ठरवला. त्याच वर्षी ऑक्सफर्डनं ‘व्हॅक्स’ निवडला. गायीच्या शेपटीचे केस तेवढे उरले म्हणायचे. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवायचा हट्ट धरलात तर शाईला काळ्याच रंगाची राहावं लागेल, कारण ‘सियाही’त ‘सियाह’ आहे, म्हणजे काळा.

बीसीजीत गाय कशी?

बीसीजी म्हणजे ‘बॅसिल काल्मेत-गेराँ’. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ या दोन फ्रेंच माणसांनी १९०८ मध्ये क्षयाचे जंतू घेतले, बटाट्यावर पित्त घालून ते वाढवत गेले आणि दर तीन आठवड्यांनी नव्या बटाट्यावर हलवत गेले. तेरा वर्षं आणि २३० वेळा. तोवर जंतू इतके बोथट झाले की रोग होईना. १९२१ मध्ये पहिल्या बाळाला ती लस दिली. आणि ते जंतू होते माणसांच्या नव्हे, गायीगुरांच्या क्षयाचे, ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’. ‘बोव्हिस’ म्हणजे गायीचा. आपल्या ‘गो’शी सख्खं नातं असलेला शब्द.

तुमच्या डाव्या दंडावर वरच्या बाजूला नाण्याच्या आकाराचा वण असेल तर तो बहुधा याच लसीचा. लोक त्याला देवीचा वण समजतात. १९८० नंतर जन्मला असाल तर देवीचा असण्याची शक्यता फारच कमी.

बेळगावात ‘व्हॅक्सिन डेपो’ला गाय आहे का?

आता क्रिकेट आहे. टिळकवाडीतलं ते मोठं झाडांचं मैदान सगळ्या बेळगावकरांना ठाऊक आहे, नाव कशावरून ते फारसं कुणाला नाही. इंग्रजी अमदानीत तिथे देवीची लस तयार होई. लस तयार करायची म्हणजे वासरू आणायचं, पोटाकडची कातडी भादरायची, बारीक ओरखडे काढून त्यांत लस पेरायची आणि काही दिवसांनी वर आलेला गर खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायचा. पेरायचं, उगवू द्यायचं, काढून घ्यायचं. तिथे सकाळी फिरायला जाणाऱ्या एका काकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘म्हणजे आमचा डेपो मूळचा गोठाच की!’